राखणदाराचा पत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोकणातल्या भुताला पत्ता असतो. ‘एका घनदाट जंगलात एक भूत राहत होतं’ एवढ्यावर तिथल्या ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही. मुंजा असेल तर तो कुठल्या पिंपळावर, तो पिंपळ कुणाच्या परसात, विहिरीच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असावंच लागतं. गिऱ्हा खाडीच्या उताराशी, तरीतून उतरल्यावर पाय चिखलात रुततो त्या जागी. देवचार गावाच्या चार दिशांना, आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली. माडापोफळीच्या वाडीत राखणदार. आणि रानात, जिथे दोन पायवाटा एकमेकींना छेदतात अन् तिसरी उगाचच फुटल्यासारखी दिसते, तिथे चकवा.

या मंडळींच्या गोष्टी आज नव्यानं सांगायच्या तर कशा, याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. मी मुलांना गोष्टी सांगते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे दर आठवड्याला येतो. लोककथा मुलांपर्यंत पोचवण्याचा उत्साह अलीकडे चांगलाच वाढला आहे. रंगीत पुस्तकं निघतात, कथाकथनाचे कार्यक्रम होतात, मोबाइलवर ऐकायच्या मालिकाही निघतात. आनंदच आहे. पण या नव्या अवतारात बहुतेक वेळा पहिली कात्री लागते ती पत्त्यावर. गाव जातं, झाड जातं, वेळ जाते. उरतं एक भूत. मग त्याचं दोनच प्रकारे काही करता येतं. एक तर त्याला पांढरी साडी नेसवून किंचाळायला लावायचं, नाहीतर त्याला गोंडस करून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असं वदवून घ्यायचं. पहिल्या प्रकारात मुलं तेवढ्यापुरती दचकतात. दुसऱ्या प्रकारात ती जांभया देतात, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर असतं.

राखणदाराची एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी निरनिराळ्या गावांच्या नावानं ऐकली असेल. एक माणूस रात्री दुसऱ्याच्या वाडीत शिरला. गडगा ओलांडला, माडावर चढला, सहा-सात नारळ पाडले, पंचात बांधले आणि निघाला. गडग्याशी आला तर गडगा नाही! वाडी आहे, माड आहेत, पाटाचं पाणी वाजतंय. पण गडगा असायला हवा तिथे पुन्हा एक माड. तो डावीकडे वळला. पुन्हा माड. उजवीकडे गेला. पोफळींची रांग, ती संपली की पुन्हा तोच पाट. मागून वहाणांची करकर ऐकू येते. हा थांबला की करकर थांबते, चालला की सुरू होते. मध्येच कुणी तरी काठी आपटते. रात्रभर तो माणूस त्या दीड एकरात फिरत राहिला. उजाडलं तेव्हा तो गडग्यापासून चार पावलांवर उभा होता, आणि समोर वाडीचा मालक शिंपण्याला आलेला. मालकानं त्याच्याकडे पाहिलं, बोचक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “रातभर फिरवल्यान मां तुका? बस आता. च्याय घे.” आणि जाताना त्याच्याच बोचक्यातले दोन नारळ काढून त्याच्या हातावर ठेवले.

ही गोष्ट मी जितक्या वेळा सांगते तितक्या वेळा शेवटाशी येऊन थबकते. चोराला मारलं नाही, पोलिसपाटलाकडे नेलं नाही, गावभर बोभाटा केला नाही. कारण उघड आहे. शिक्षा झालेली आहे, आणि ती मालकानं केलेली नाही. लहानशा गावात चोर म्हणजे कोण? शेजारीच. उद्या त्याच्याच खांद्याला खांदा लावून पालखी उचलायची आहे, परवा त्याच्याच पडवीत लग्नाच्या पंगतीला बसायचं आहे. तेव्हा रागाचं आणि लाजेचं काम राखणदारावर सोपवून दोघेही माणसात राहतात. नव्या पुस्तकांपैकी एकात मी या गोष्टीचा शेवट वाचला तो असा, की राखणदारानं चोराला माडाला उलटं टांगलं आणि चोरानं ‘पुन्हा चोरी करणार नाही’ अशी शपथ घेतली. तात्पर्य मिळालं. चहा आणि दोन नारळ गेले.

दुसरी गोष्ट आणखी छोटी आहे. तिन्हीसांजेला रानात गुरं शोधायला गेलेलं पोर वाट चुकतं. एक म्हातारा भेटतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात जाड वहाणा. तो काही विचारत नाही, नुसता पुढे चालू लागतो आणि पोर त्याच्या मागून. एका ओहोळाशी आल्यावर म्हातारा थांबतो नि म्हणतो, “माजी हद हयसर. फुडे दुसरो आसा.” ओहोळापलीकडे खरंच दुसरा एक म्हातारा उभा असतो. तसलीच घोंगडी, तसलीच काठी. तो पोराला घरच्या बेड्यापर्यंत आणून सोडतो. आई विचारते, कुणी आणलं? पोर मागं वळून दाखवायला जातं, तर कुणी नाही.

गोष्टीतला खरा आधार मला त्या ‘फुडे दुसरो आसा’ या शब्दांत वाटतो. अमर्याद शक्ती असलेला कुणीच इथे नाही. प्रत्येकाला हद्द आहे. देवचारालाही दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकता येत नाही. मुलांना हे फार पटकन कळतं. एका शहरातल्या शाळेत ही गोष्ट सांगितल्यावर मी विचारलं, “तुमच्या सोसायटीचा राखणदार कोण?” एकजण लगेच म्हणाला, “वॉचमनकाका.” “त्यांची हद्द कुठपर्यंत?” त्यानं विचार केला आणि म्हणाला, “पार्किंगच्या खांबापर्यंत. त्याच्यापुढे बी विंगचे.”

हा राखणदार फुकट राखत नाही, हेही सांगितलं पाहिजे. वर्षातून एकदा त्याला त्याचं द्यावं लागतं. कुठे कोंबडा, कुठे नारळ आणि रोट, कुठे विडी, कुठे दारूचा शिंतोडा. गोव्यात कुळागरातल्या राखणदाराला सोरो-रोट देणारे हिंदू आहेत, तसे त्याच्या नावानं मेणबत्ती लावणारे ख्रिस्ती शेजारीही आहेत. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाचं मोठं देवस्थान आहे. तिथे नवसाला केळ्यांचे घड येतात आणि येतात चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. देवाला सोनं-चांदी देणं समजू शकतं. पण त्याच्या पायांची झीज लक्षात घेऊन त्याला पादत्राण देणं यात एक प्रकारची मालक-नोकराच्या पलीकडची देणंघेणं सांभाळण्याची रीत आहे. वाडी कागदावर माझी असेल, पण रात्री ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याचं मी काही लागतो, ही ती समजूत. आता वाड्यांचे प्लॉट पडतात, सातबाऱ्यावर नवी नावं चढतात. इतर हक्कांच्या रकान्यात राखणदाराची नोंद अर्थातच नसते. घेणाऱ्याला त्याच्याबद्दल सांगायचं की नाही, हा मात्र प्रश्न असतो. मी ऐकलेल्या एका व्यवहारात विकणाऱ्या म्हातारीनं सगळे पैसे मोजून घेतल्यावर पदरचे पन्नास रुपये परत दिले होते, “हे त्याच्या वर्षाच्या नारळाचे,” म्हणून.

आता थोडं या गोष्टी गोळा करणाऱ्यांविषयी. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन आपल्याला ठाऊक आहेत ते अनंत कान्हेरे यांच्यामुळे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेले असताना त्यांचा वध झाला. याच जॅक्सनसाहेबांनी लोकसमजुतींची भलीमोठी टिपणं जमवली होती, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यांच्या पश्चात एन्थोवेन यांनी ती संपादित केली आणि कोकणाविषयीचा खंड १९१५ मध्ये निघाला. गंमत म्हणजे ही माहिती दिली होती ती बहुतांशी खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनी. प्रश्नावली आली, मास्तरांनी आपापल्या गावची उत्तरं लिहून पाठवली. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, चेडा. बायकांमध्ये जखीण, लावसट, हडळ. सगळ्यांची हजेरी घेतल्यासारखी यादी आहे.

ती यादी वाचताना एक गोष्ट मनाला टोचते. कोण मेल्यावर काय होतो हे त्याच्या जातीवर, वयावर आणि लग्न झालं होतं की नाही यावर ठरतं. मुंज झालेला आणि सोडमुंज न झालेला बटू तो मुंजा. त्या नोंदींप्रमाणे देवचार हा लग्नानंतर मेलेल्या शूद्राचा. म्हणजे गावाची उतरंड मेल्यावरही सुटलेली नाही. पत्ता, पत्ता म्हणून मी एवढं कौतुक करते आहे, त्या पत्त्यात हीदेखील एक ओळ आहे. सांगणाऱ्यानं ती गुपचूप खोडावी असं मला वाटत नाही. मोठ्या मुलांपुढे मी ती उघडपणे ठेवते. आणि गावाची राखण मात्र वर्षानुवर्षं त्या ‘शूद्राच्या’ भुताकडेच का सोपवलेली, हा प्रश्न त्यांच्यातलंच कुणी तरी विचारतं.

चकव्याचं प्रकरण वेगळं. त्याला रूप नाही. तो दिसत नाही, फक्त माणसाला गोल फिरवतो. मारुती चितमपल्ली आयुष्यभर रानात राहिले आणि आत्मचरित्राला त्यांनी ‘चकवाचांदणं’ हे नाव दिलं, इतका हा शब्द रानाशी बांधलेला. चकवा लागला की काय करायचं, याचे उपाय गावोगाव ठरलेले असतात. पायातल्या वहाणा उलटसुलट घालायच्या. सदरा उलटा करून घालायचा. विडी पेटवायची, पान जमवायचं. नाहीतर सरळ मटकन बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही.

२००९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या गोल फिरण्याचीच परीक्षा घेतली. जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात त्यांनी माणसांना ‘सरळ चालत राहा’ एवढंच सांगून सोडलं आणि उपग्रहाच्या साह्यानं त्यांची वाट आखली. सूर्य दिसत होता तोवर माणसं बरीचशी सरळ चालली. आभाळ भरून आलं तशी जंगलातली माणसं गोल फिरू लागली, आणि आपण स्वतःचीच वाट ओलांडतो आहोत हे त्यांना कळलंही नाही. डोळे बांधून चालवलं तेव्हा तर काहींची वर्तुळं वीस मीटर व्यासाइतकी लहान निघाली. म्हणजे दीड एकराच्या वाडीत रात्रभर फिरणारा आपला चोर अगदीच काही थाप नव्हती.

हे सांगितल्यावर श्रोत्यांतला एखादा हुशार मुलगा म्हणतो, “म्हणजे चकवा नसतोच.” मी त्याला वहाणांचा उपाय आठवायला सांगते. वहाणा बदलायच्या तर आधी काय करावं लागतं? थांबावं लागतं, खाली बसावं लागतं. विडी पेटवायची तरी तेच. घाबरलेला माणूस धावत सुटतो आणि आणखी आत जातो. वाट चुकलात तर जागीच थांबा, असं आज डोंगरात भटकंतीला नेणारे लोकही सांगतात. पण घाबरलेल्या गुराख्याला नुसतं ‘थांब’ म्हटलं तर तो थांबेल का? ‘चकवा लागलाय, वहाणा बदल’ म्हटलं तर थांबतो. गोष्टीतून चकवा काढून टाकला आणि ‘रानात शांत राहावे’ असं लिहिलं, तर ते खरं असेल, पण अंधारात कुणाला आठवणार नाही.

रानातल्या देण्याघेण्याची सर्वांत मोठी गोष्ट मात्र कोकणच्या उत्तरेला, वारल्यांकडे आहे. वाघोबाची. ती थोडक्यात अशी सांगतात: एका कुमारिकेला मूल झालं. ती कामाला गेली की ते पोर वाघाचं रूप घेई आणि गावातली कोंबडी-बकरी खाई. गावाला कळलं, तेव्हा त्याला मारायचं ठरलं. शेवटी तोड निघाली. त्यानं रानात राहावं, आणि गावानं त्याचं स्थान मांडून वर्षातून एकदा त्याला त्याचा भाग द्यावा. म्हणून वाघबारस. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाच्या सुमारे १५० स्थानांची नोंद केली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, शेंदूर. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबळ्या आणि माणूस इतके जवळ राहतात, त्यामागे इतर कारणं पुष्कळ आहेत. नुसत्या पूजेनं बिबळ्या हल्ला करायचा थांबत नाही, हे वारल्यांना आपल्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी वाघाचं रानात असणं ही आपत्ती नसून त्याचा हक्क आहे, हे लहानपणापासून गोष्टीतून ऐकणं वेगळं आणि मोठेपणी फलकावर वाचणं वेगळं.

गोव्यातल्या सत्तरी भागातही वाघ हा देव आहे. त्याच तालुक्यात, म्हादईच्या अभयारण्यात, जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषबाधेनं मेलेले सापडले. एक वाघीण आणि तिची पिल्लं. ही बातमी मी कात्रण करून ठेवली आहे. कराराची एक बाजू केव्हाच सुटली असेल: रान कुणाचं, गुरं कुठे चारायची, मेलेल्या गुराची भरपाई कोण आणि किती दिवसांनी देणार. गोष्ट एकटी हे सगळं पेलू शकत नाही. वाघोबाची कथा सांगून वाघ वाचतील असा भाबडा दावा मी करणार नाही.

शेवटी हडळीबद्दल, कारण तिच्याशी माझं अजून जमलेलं नाही.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या मित्रांचा आक्षेप मला मान्य आहे. भुतांच्या गोष्टींची किंमत कुणी तरी मोजलेली असते. बहुधा बाईनं. डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगीच झाला नाही, आणि त्याच वर्षी डॉक्टर दाभोलकरांचा खून झाला, हेही आपण विसरू शकत नाही. तेव्हा राखणदार, चकवा, वाघोबा मी बिनदिक्कत सांगते. हडळ सांगायची म्हटली की जीभ अडते. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई ती हडळ. पाठ पोकळ, पावलं उलटी. तिची प्रसिद्ध गोष्ट आहे: एक माणूस तिला घरी आणतो, ती संसार करते, चांगलं रांधते. एक दिवस तो बघतो, तर ती चुलीत लाकडाऐवजी स्वतःचा पाय सारून बसली आहे. मग मांत्रिक, लिंबं, आणि तिला हाकलणं.

ही गोष्ट गाळावी का? तीनशे वर्षांपूर्वीच्या, नव्हे शंभर वर्षांपूर्वीच्याही खेड्यात किती बाया पहिल्या खेपेला गेल्या असतील याची दुसरी खूण आपल्याकडे फारशी नाही. त्यांची आठवण ठेवली ती या भीतीनं. चुलीत पाय घालून घरच्यांचा स्वयंपाक करणारी बाई ही कल्पना ज्या कुणा आजीला सुचली, तिला संसार म्हणजे काय हे पुरतं कळलं असलं पाहिजे.

एका तालुक्याच्या गावी वाचनालयात मी ही गोष्ट सांगितली, मांत्रिक वगळून. आठवीतली एक मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. सगळे उठू लागले तेव्हा तिनं विचारलं, “बाई, तिचं बाळ कुठंय?” मी आजवर ऐकलेल्या, वाचलेल्या एकाही हडळीच्या गोष्टीत बाळाचं काय झालं हे कुणी सांगितलेलं नाही. ते जगलं का, कुणी वाढवलं, काही नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “मग ती त्या माणसाच्या घरी संसार करायला आलीच नसेल. बाळ बघायला आली असेल.”

आता ही गोष्ट मी सांगते तेव्हा ती बाई घरात शिरल्यावर आधी कोपऱ्यातल्या पाळण्याकडे जाते.